ऑनलाइन सुडोकू स्पर्धा आणि वेग वाढवायचं काम: जानेवारी ते जूनच्या नोंदी

५ जानेवारी

पेपरातलं सुडोकू कॉलेजपासून सोडवतेय, मोबाईलवरच्या ॲपमध्ये सगळ्यात वरची लेव्हल पण होते, तर या वर्षी स्पर्धेत उतरायचं ठरवलंय. नोंदी अशासाठी ठेवतेय की घरी बसून सुडोकू सोडवणारी भरपूर मंडळी आहेत पण स्पर्धेत नक्की काय असतं, किती खर्च येतो, वेळ कुठे जातो हे मराठीत कुठे एकत्र सापडलं नाही.

दोन ठिकाणी अकाउंट उघडलं. एक लॉजिक मास्टर्स इंडिया, भारतातून जागतिक स्पर्धेला जाणारी टीम तेच निवडतात, आणि "सुडोकू महाभारत" नावाची मालिकाही त्यांचीच. दुसरं वर्ल्ड पझल फेडरेशन, त्यांची सुडोकू ग्रांप्री २०१३ पासून चालू आहे. दोन्हीकडे ऑनलाइन फेऱ्या फुकट. ग्रांप्रीची फेरी शुक्रवार ते सोमवार खुली असते, त्यातली आपल्याला सोयीची ९० मिनिटं आपण निवडायची. आधी काही दिवस सूचनांची पुस्तिका येते, त्यात कुठले प्रकार आहेत, कशाला किती गुण, नियम काय ते सगळं. कोडी मात्र पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये. स्टार्ट दाबलं की पासवर्ड मिळतो आणि घड्याळ सुरू.

जुन्या फेऱ्यांचे पेपर साइटवर तसेच पडलेले असतात. त्यातला एक घेतला, ९० मिनिटं लावून बसले. निम्मे गुण पण झाले नाहीत. साधी सुडोकू तीन-चारच होती, बाकी सगळे प्रकार: कर्णाचं (कर्णावरही १ ते ९), किलर (घरांच्या आखलेल्या गटाची, म्हणजे पिंजऱ्याची, फक्त बेरीज दिलेली), बाणाचं (बाणावरच्या आकड्यांची बेरीज गोलातल्या आकड्याइतकी), थर्मामीटर (फुग्याकडून टोकाकडे आकडे वाढत जातात), विषम-सम. ॲपमधली वरची लेव्हल इथे फारशी उपयोगाची नाही हे पहिल्याच दिवशी कळलं.

९ जानेवारी

ॲपमध्ये मी जोरात का आणि कागदावर हळू का, हे शोधायला बसले. उत्तर सोपं निघालं. ॲपमध्ये ७ वर बोट ठेवलं की सगळे ७ रंगतात, म्हणजे ७ कुठे कुठे आहेत हे डोळ्यांना शोधावंच लागत नाही. घरात उरलेले पर्याय ॲप स्वतः लिहून देतं, चुकलं की लगेच लाल करतं. अर्धं काम तेच करतं. स्पर्धेत यातलं काही नसतं.

सेटिंगमध्ये जाऊन सगळी मदत बंद केली. एकसारखे आकडे रंगवणं बंद, आपोआप पर्याय बंद, चूक दाखवणं बंद. जे कोडं सहा मिनिटांत व्हायचं त्याला चौदा लागली. महिनाभर असंच ठेवणार. तुम्ही ॲपवरून येत असाल तर सगळ्यात आधी हे करा, बाकी सगळं नंतर.

१८ जानेवारी

छपाईवर लिहिते कारण यात वेळ आणि पैसे दोन्ही गेले. घरी प्रिंटर नाही म्हणून जुने पेपर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडून काढून आणले, पानाला २ रुपये. "मॅडम बॅक टू बॅक करू का, कागद वाचेल," म्हणाले, मी हो म्हटलं. पेन्सिल दाबून लिहिल्यावर मागच्या बाजूच्या कोड्यात सगळे ठसे उमटतात आणि खोडलं की कागद पातळ होतो, त्यात मागचा आकडा दिसतो. एका बाजूलाच छापायचं.

दुसरं, एका पानावर चार कोडी येतील असं छोटं करून छापलं होतं. घर इतकं बारीक की कोपऱ्यात पेन्सिलची खूण करायला जागाच नाही. आता एका पानाला जास्तीत जास्त दोन. पेन्सिल ०.७ ची घेतली, ०.५ ची काडी घाईत सारखी मोडत होती. खोडरबर पांढरा, मऊ, वेगळा, पेन्सिलच्या मागचा नाही.

खऱ्या फेरीच्या वेळी पासवर्ड मिळाल्यावर छापायला काकांकडे पळणं शक्यच नाही, घड्याळ चालू असतं. त्यामुळे भावाच्या ऑफिसमधून काढलेला जुना प्रिंटर १८०० रुपयांत घेतला. नवीन काडतूस वेगळं.

२ फेब्रुवारी

आजवरचा सगळ्यात कामाचा दिवस. भाच्याने फोन पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून वरून व्हिडिओ काढायची युक्ती सांगितली, म्हणजे फक्त कागद आणि हात दिसतो. एक मध्यम साधं सुडोकू सोडवलं, नऊ मिनिटांच्या आसपास लागली. मग व्हिडिओ लावून प्रत्येक आकडा किती वाजून किती सेकंदाला लिहिला हे वहीत उतरवून काढलं.

माझी समजूत होती की मी एकंदर सावकाश सोडवते. तसं नाहीये. पहिले पंचवीसेक आकडे तीन मिनिटांत आले. शेवटचे वीस दीड मिनिटात. मधल्या साताठ आकड्यांना साडेचार मिनिटं. आणि त्यात हात पूर्ण थांबलेला, पेन्सिल कागदावर टेकलेली, डोळे इकडून तिकडे.

त्यातला सगळ्यात मोठा थांबा दोन मिनिटांचा होता. ती जागा नंतर शांतपणे बघितली. आठव्या कॉलममध्ये सहा घरं भरलेली, उरलेले आकडे २, ५, ८. त्यातल्या वरच्या रिकाम्या घराच्या ओळीत ५ आणि ८ दोन्ही आधीच होते. म्हणजे तिथे २. अवघड काहीच नाही, पण मी त्या दोन मिनिटांत पूर्ण वेळ "९ कुठे जाईल, ४ कुठे जाईल" असे बॉक्स बघत होते, कारण मला तेवढंच सुचतं. कॉलम मोजून उरलेले आकडे काढायची सवयच नव्हती. बॉक्समध्ये आकडा शोधायचा ही एक नजर आणि ओळ-कॉलममध्ये काय उरलंय ही दुसरी नजर, आणि मी पहिलीवरच अडकून बसते.

उपाय म्हणून अडल्यावर काय बघायचं याचा क्रम ठरवला आणि कागदावर लिहून टेबलावर चिकटवला. आधी सगळ्यात जास्त भरलेली ओळ किंवा कॉलम, उरलेले आकडे तोंडाने म्हणायचे. मग नुकताच लिहिलेला आकडा शेजारच्या बॉक्समध्ये काय करतो ते. मग जोड्या, म्हणजे तेच दोन आकडे शक्य असलेली दोन घरं. दहा सेकंदांत काही नाही मिळालं तर पुढची पायरी, एकाच ठिकाणी टक लावून बघायचं नाही. तोंडाने म्हणणं विचित्र वाटतं पण १ ते ९ मधलं काय राहिलं हे म्हटल्यावर पटकन कळतं.

मला वाटतं वेग म्हणजे हात भराभर चालणं नाहीच. थांबे कमी झाले की वेळ आपोआप उतरते. इथून पुढे मी एकूण वेळेबरोबर सगळ्यात मोठा थांबा किती होता तेही लिहितेय.

१० फेब्रुवारी

पेन्सिल खुणांबद्दल. आधी मी प्रत्येक रिकाम्या घरात सगळे शक्य आकडे बारीक लिहायचे. पान करडं होऊन जायचं, लिहायलाच चार मिनिटं, आणि एक आकडा आला की दहा ठिकाणी खोडायचं. आता स्नायडर पद्धत: एखादा आकडा बॉक्समध्ये फक्त दोनच घरांत जाऊ शकत असेल तरच त्या दोन घरांच्या कोपऱ्यात खूण, नाहीतर नाही. थॉमस स्नायडर हा अमेरिकेचा, तीन वेळा जगज्जेता, त्यातलं २००८ चं विजेतेपद आपल्या गोव्यात झालेल्या स्पर्धेतलं. त्याच्या नावानेच ही पद्धत ओळखली जाते.

फायदा असा की त्यातलं एक घर वेगळ्याच आकड्याने भरलं की दुसऱ्या घराची खूण आपोआप खरी ठरते, आणि त्याच दोन घरांत दोन वेगळ्या आकड्यांच्या खुणा आल्या की ती घरं बाकी सगळ्यांसाठी बंद. साध्या सुडोकूत माझी वेळ सरळ दोन मिनिटांनी उतरली.

पण पहिल्या फेरफटक्यातच खुणा करत सुटू नका. आधी खुणा न करता जेवढं येतं तेवढं भरून घ्यायचं, सोप्या कोड्यात तर खुणा लागतच नाहीत. आणि किलर, थर्मामीटर यात ही पद्धत एकटी पुरत नाही, तिथे घरात काय काय बसू शकतं ते लिहावंच लागतं.

२३ फेब्रुवारी

पहिली खरी फेरी. रविवारी सकाळी साडेसहाला बसले, घरात शांतता असते. प्रिंटरने नीट छापलं, दोनेक मिनिटं गेली.

पुस्तिकेतले नमुने मी आधी सोडवलेच नव्हते, नुसते नियम वाचले होते. एका प्रकारात बाहेर लिहिलेला आकडा म्हणजे काय हे विसरले, पुस्तिका पुन्हा उघडून वाचण्यात वेळ गेला. शिवाय पेपर पहिल्या कोड्यापासून क्रमाने सोडवत गेले. सगळ्यात महागडं किलर मधेच कुठेतरी आलं, त्यात वीस मिनिटं घातली आणि ते सुटलंच नाही. मागे तीन सोपी कोडी कोरी राहिली, प्रत्येकी चार-पाच मिनिटांची. त्या तिघांचे गुण मिळून किलरपेक्षा जास्त होते.

पुढच्या वेळेपासून: पुस्तिका आली की प्रत्येक प्रकारचा नमुना घड्याळ लावून सोडवायचा, त्यापुढे वेळ लिहायची, गुणांना त्या वेळेने भागायचं आणि ज्याचा मिनिटाला जास्त गुण तो आधी. क्रम पेनाने पुस्तिकेवरच लिहून ठेवायचा. एखादं कोडं ठरवलेल्या वेळेच्या दीडपट झालं तर पान उलटायचं, कितीही जवळ आल्यासारखं वाटलं तरी. हे शेवटचं मला सगळ्यात जड जातंय, कारण अर्धवट सोडलेलं कोडं डोक्यातून जात नाही.

नंतर निकाल बघितला. वरचे लोक सगळी कोडी संपवून मिनिटं शिल्लक ठेवतात आणि त्या उरलेल्या मिनिटांचाही बोनस मिळतो. त्या यादीकडे बघून नाउमेद व्हायला होतं खरं, म्हणून मी माझा गुणांचा आकडा फक्त माझ्याच मागच्या आकड्याशी लावून बघतेय.

८ मार्च

किलरवर पूर्ण दोन आठवडे दिले आणि ते वसूल झाले.

आधी पाठांतर. दोन घरांच्या पिंजऱ्यात ३ म्हणजे १-२, ४ म्हणजे १-३, १६ म्हणजे ७-९, १७ म्हणजे ८-९. तीन घरांत ६ म्हणजे १-२-३, ७ म्हणजे १-२-४, २३ म्हणजे ६-८-९, २४ म्हणजे ७-८-९. चार घरांत १०, ११, २९, ३० यांनाही एकेकच जुळणी. पाढ्यांसारखं पाठ पाहिजे, बेरीज करत बसायचं नाही. भांडी घासताना म्हणायचे मी.

मग ४५ चा नियम. प्रत्येक ओळ, कॉलम, बॉक्स यांची बेरीज ४५. हे मला माहीत होतं पण मी ते अडल्यावर वापरायचे, म्हणजे पंधरा मिनिटं झाल्यावर. आता पेपर समोर आला की आधी तेच. सरावातलं एक उदाहरण लिहिते. डावीकडचा वरचा बॉक्स. पहिल्या कॉलममध्ये वरची दोन घरं मिळून १७. पहिल्या ओळीतलं दुसरं, तिसरं घर आणि बॉक्सच्या मधोमधचं घर मिळून ७. उरलेली चार घरं एका २९ च्या पिंजऱ्यात, पण त्या पिंजऱ्याचं पाचवं घर बॉक्सच्या बाहेर, दुसऱ्या ओळीतलं चौथं. तिन्हींची बेरीज १७ अधिक ७ अधिक २९, म्हणजे ५३. बॉक्स ४५ चा. तर बाहेरचं घर ८.

पूर्वी मी इथे ८ लिहून पुढे जायचे. पण तो ८ दुसऱ्या ओळीत आहे, आणि १७ च्या पिंजऱ्यातलं खालचं घरही दुसऱ्याच ओळीत. म्हणजे तिथे ८ नाही, तिथे ९, वर ८. आणि ७ च्या पिंजऱ्यात १-२-४, उरलेल्या चार घरांत ३-५-६-७. एकही खूण न करता अख्ख्या बॉक्सचा हिशोब लागला. आलेला आकडा लगेच कुठे लागू होतो ते तिथल्या तिथे बघायचं, फिरून परत यायला लागू नये, हे किलरमध्येच नीट शिकले.

किलर आता बारा-तेरा मिनिटांत होतं, आधी पंचवीसच्या खाली येतच नव्हतं.

२९ मार्च

क्रोप्की, म्हणजे शेजारच्या दोन घरांमधे ठिपके असलेला प्रकार. काळा ठिपका म्हणजे एक आकडा दुसऱ्याच्या दुप्पट, पांढरा म्हणजे दोन आकड्यांत एकचा फरक, आणि ठिपका नसेल तर दोन्ही नाही. हे शेवटचं वाक्य विसरून पहिले दोन पेपर वाया गेले. काळ्या ठिपक्यावर ५, ७, ९ कधीच येत नाहीत. एकाच ओळीतली किंवा कॉलममधली तीन घरं दोन काळ्या ठिपक्यांनी जोडलेली असतील तर १-२-४ किंवा २-४-८, म्हणजे २ आणि ४ त्यात येणारच आणि मधे यातलाच एक. ३-६ ची जोडी तिथे बसत नाही. एवढं पाठ असलं की सुरुवात सापडते.

एक्सव्ही त्याच्यासारखंच, दोन घरांमधे एक्स म्हणजे दोघांची बेरीज १०, व्ही म्हणजे ५. एक्सला ५ लागत नाही, व्हीला १-४ नाहीतर २-३. इथेही खूण नसेल तर त्या बेरजा नाहीत असं कधी असतं, कधी नसतं, पुस्तिकेत बघून घ्या.

१९ एप्रिल

बऱ्याच स्पर्धांत आता ब्राउझरमध्येच सोडवायची सोय असते, छपाईच नको. लॅपटॉपला नमपॅड, म्हणजे आकड्यांच्या कीचा वेगळा चौकोन, नाही, वरच्या आकड्यांच्या ओळीवर बोटं नीट बसत नाहीत म्हणून यूएसबी नमपॅड घेतला, ४५० रुपये. घरी आणल्यावर कोपऱ्यात खूण करायला शिफ्ट धरून आकडा दाबला तर कर्सरच दुसरीकडे पळायला लागला. पॅड खराब आहे समजून बदलायला दुकानात घेऊन गेले, एक संध्याकाळ त्यात गेली. पॅड चांगलाच होता. विंडोजमध्ये नमलॉक चालू असताना शिफ्ट धरून नमपॅडचा आकडा दाबला की तो बाणाची की म्हणून काम करतो. आता डाव्या हाताने मोड (पूर्ण आकडा की कोपऱ्यातली खूण) बदलायची की दाबते आणि उजव्या हाताने आकडे, शिफ्ट धरतच नाही.

स्क्रीनवर चूक झाली की मागे जाता येतं हा मोठा फायदा. पण किलरसारख्या प्रकारात मला बाजूला बेरजा खरडायला कागद लागतोच, आणि स्क्रीनवर सलग ९० मिनिटं बघून माझी शेवटची वीस मिनिटं फार मंद होतात. त्यामुळे जिथे निवड आहे तिथे मी कागद घेतेय. तरुण मंडळींचं उलटं असेल.

११ मे

अंदाजाबद्दल. मी याच्या विरोधात होते, सुडोकू तर्कानेच सोडवायचं असं माझं पक्कं मत होतं. पण स्पर्धेत फक्त शेवटचं उत्तर तपासतात, तुम्ही कसे पोचलात ते कोणी विचारत नाही, आणि एकच जोडी अडलेली असताना पाच मिनिटं तर्क शोधण्यापेक्षा एक बाजू धरून बघणं तीस सेकंदांचं काम असतं. मत बदललं.

फक्त कागदावर ते कसं करायचं हे आधी ठरवून ठेवा. अंदाजाच्या पुढचं सगळं मी लाल पेन्सिलने लिहिते, चुकलं तर लाल तेवढंच खोडायचं, काळ्याला हात लावायचा नाही. आणि अशीच जोडी निवडायची जिथून दोन्ही बाजूंनी पुढे बरंच काही उघडतं. कोपऱ्यात एकटी पडलेली जोडी धरली तर दोन घरं भरून पुन्हा तिथेच. कोडं निम्मं भरायच्या आत अंदाज करत नाही, आत्तापर्यंत त्यात फायदा एकदाही झालेला नाही.

२२ जून

आजची फेरी. क्रम आधी लिहिलेला, नमुने सोडवलेले, कागद आधीच ट्रेमध्ये. बाहेर पाऊस धो धो आणि पासवर्ड टाकायच्या आधीच लाईट गेली म्हणून अर्धा तास थांबले. स्टार्ट दाबलं नव्हतं म्हणून काही नुकसान नाही, पण पावसाळ्यात एक लक्षात ठेवा, सोमवार रात्रीवर फेरी ढकलू नका.

दोन कोडी सोडून सगळी झाली. फेब्रुवारीतल्या फेरीच्या जवळजवळ दुप्पट गुण. साधी सुडोकू चार ते सहा मिनिटांत, सगळ्यात मोठा थांबा चाळीस सेकंदांचा. किलर तेरा मिनिटांत. दोन राहिली त्यातलं एक अनियमित बॉक्सचं, ठरवलेल्या वेळेला सोडून दिलं आणि त्या वेळात थर्मामीटर आणि कर्णाचं दोन्ही झाली. फेब्रुवारीत हे जमलं नसतं.

उत्तर भरण्याबद्दल राहिलं होतं. कागदावर सोडवल्यावर अख्खं कोडं टाईप करायचं नसतं, खूण केलेल्या ओळीतले आकडे डावीकडून उजवीकडे टाकायचे. लॉजिक मास्टर्सच्या ज्या स्पर्धांत लगेच तपासून सांगतात तिथे पहिलं उत्तर चुकलं की त्या कोड्याचे ९० टक्केच गुण उरतात, दुसरं चुकलं की ७०, तिसरं ४०, चौथ्याला शून्य. एप्रिलमध्ये माझे असे बरेच गुण गेले आणि त्यातलं एकही कोडं चुकीचं सोडवलं नव्हतं, कागदावरून बघून टाकताना ओळ चुकली होती, खालची ओळ टाकली. आता ती ओळ कोडं सुरू करायच्या आधीच हायलायटरने रंगवते, आणि टाकलेल्या आकड्यांत १ ते ९ सगळे एकेकदा आहेत का एवढं बघून एंटर. पाच सेकंद लागतात. आज एकही उत्तर परत आलं नाही.

सहा महिन्यांचा खर्च: प्रिंटर १८००, काडतूस ६५०, कागदाची दोन रिमं मिळून ६२०, नमपॅड ४५०, पेन्सिली, काड्या, खोडरबर, हायलायटर मिळून दीडशेच्या आसपास, आणि सुरुवातीची झेरॉक्स. प्रिंटर आधीपासून असेल तर फारच थोडं लागतं.

आता अनियमित. वेड्यावाकड्या आकाराच्या बॉक्समध्ये माझी बॉक्सवाली नजर चालतच नाही. दोन-तीन ओळी आणि तेवढेच बॉक्स एकत्र घेऊन त्या ओळींतून बाहेर आलेली घरं आणि आत शिरलेली घरं यांत आकडे सारखेच असतात, हा नियम कळतो पण कुठल्या ओळी घ्यायच्या हे पटकन दिसत नाही. जुन्या पेपरांतून फक्त अनियमित कोडी वेगळी काढून छापलीत, जुलैभर तीच, आणि त्या बाहेर-आतल्या घरांना दोन रंग द्यायचे असं ठरवलंय. उपयोग झाला की नाही ते वेळांसकट पुढच्या नोंदीत.